चांद्याच्या पाठीवरची मखमल

अन्याय झाला तो हमीदा रफूवालीवर. गेल्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, गावच्या तोरणाखाली, बैलांच्या आणि माणसांच्या देखत तिला चोर ठरवलं गेलं. आधी नजरेनं, मग कुजबुजीनं आणि तिसऱ्या दिवशी छापील पत्रकानं. पत्रक पिवळ्या कागदावर होतं, चिखलीत छापलेलं होतं. मथळा होता, ‘खरी मखमल कुठे आहे?’ खाली नाव माझं होतं.

माझी सगळी पत्रकं अशीच सुरू होतात, हमीदाखाला. कोणावर, कधी, कुठे आणि कोणी केलं. तू हसायचीस. म्हणायचीस, "तुह्या कागदात माणूस आधी मरते, मंग त्याचं नाव कळते." आजही तीच पद्धत ठेवली आहे. फरक एवढाच की ‘कोणी केलं’ याचं उत्तर द्यायला या वेळी मला कोणाच्या दारात जावं लागलं नाही.

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. तुझा जन्म कुठला, निकाह कधी झाला, ही माहिती ज्यांना हवी त्यांनी तुझ्या मुलीला, शबानाला विचारावी. मला दुसरंच सांगायचं आहे. तुझी माती झाल्यावर शबानाच्या घरून, देऊळघाटहून परत येताना मला जीपमध्ये झोप लागली. शेजारच्या बाईच्या खांद्यावर मान टाकून मी चिखलीपर्यंत झोपले. वर्षभरात अशी झोप लागली नव्हती. रडले नाही असं नाही, पण छातीवरून जातं उतरल्यासारखं वाटत होतं आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती. कारण तू चोर म्हणून गेली नाहीस. मला सगळं कळलं आहे हे तुला जाण्याच्या नऊ दिवस आधी कळलं होतं. नऊ दिवस फार नाहीत. पण ते मिळाले नसते तर हा लेख मी कोणत्या तोंडानं लिहिला असता?

आता ज्यांनी ती मखमल पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तू कंटाळशील, पण ऐक.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या बाजाराचं. तिथून जीपनं अर्धा तास. गावात दोन हात लांब आणि त्याहून थोडं रुंद असं एक कापड आहे. लाल मखमल, त्यावर सोन्याचांदीच्या तारेचं भरतकाम, कडेला झालर. भरतात झाडं आहेत, एका ओळीत उभी, शेंड्याशी वाकलेली. गावात सगळे त्यांना कैऱ्या म्हणतात. तू म्हणायचीस, कैऱ्या कायच्या, ती सुरूची झाडं आहेत, वाऱ्यानं झुकली आहेत. काही वर्षांपूर्वी जुन्या कापडांचे जाणकार एक सर आले होते. भिंग लावून दोन तास बसले आणि म्हणाले की ही इराणची मखमल आहे, घोड्याच्या खोगिरावर टाकायची, अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीची असावी. आणि झाडं सुरूचीच. तू तेव्हा दाराशी उभी होतीस. मला कोपरानं ढोसलंस आणि म्हणालीस, "सांगतलं नव्हतं का?"

ती इथे कशी आली याच्या गावात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही सांगणारे छातीठोकपणे सांगतात. पण एवढं खरं की ती भाऊसाहेबांच्या, म्हणजे गावच्या देशमुखांच्या पेटीत असायची आणि वर्षातून एकदा बाहेर निघायची. पोळ्याला. घोडे गेले, बैल राहिले. खोगिरावरची मखमल झूल होऊन देशमुखांच्या बैलावर चढली. तो बैल तोरणाखाली सगळ्यांत पुढे. बाकीचे त्याच्यामागे, घराण्याच्या मानाप्रमाणे. आमच्या वस्तीचे बैल सगळ्यांत शेवटी. लोक तोरणाच्या पुढे दाटीनं उभे राहायचे आणि मखमल समोरून बघायचे. डाळिंबाचे दाणे फोडून पसरावेत तशी चमकायची ती. माझे बाबा मागे, आमच्या बैलाचा कासरा धरून. मी मात्र लहानपणापासून माणसांच्या पायांतून घुसून पुढे जायचे.

आणि बैलाच्या तोंडाशी तू. दरवर्षी मखमल घडीतून काढून पाठीवर टाकायचं काम तुझं. घामानं खराब झाली की पुसायचं, सुटलेली तार बसवायचं, फाटलं तिथं रफू करायचं कामही तुझंच. टाकून झालं की तुला कोणीतरी म्हणायचं, ‘हं, सर बाजूला,’ आणि तू सरायचीस.

मी तुझ्याकडे यायला लागले ती बारावीत. आईच्या एकुलत्या एक चांगल्या लुगड्याला उंदरानं भोक पाडलं होतं. तू तांब्याच्या बुडावर ते ताणून धरलंस, काठातूनच एक धागा उपसलास आणि मला म्हणालीस, सुई ओवून दे, माझे डोळे आता भोकाला भोक म्हणत नाहीत. तेव्हापासून ते माझंच काम झालं. एका बैठकीला सहा सुया ओवून तुझ्या सुयांच्या छोट्या उशीत टोचून ठेवायच्या आणि तू शिवेपर्यंत सगळ्या जगाशी भांडायचं. म्हणजे मी भांडायचं. तू तारेला टाका घालत ‘हाव, हाव’ म्हणायचीस.

एकदा मखमलीच्या कोपऱ्यात कोणाचं तरी जुनं, जाड, बेढब रफू दिसलं. मी म्हटलं, हे उसवून नीट कर ना. तू मान हलवलीस. "नाही उसवत. तोबी कोणीतरी बसून केला असंल. त्याचे डोळे गेले असतील." तुझा नियम होता, आधीचा धागा काढायचा नाही. नवा त्याच्या बाजूला ठेवायचा. मखमलीवर इस्त्री फिरवायची नाही, ती मरते. आणि हात लावायचा तो बोटाच्या मागच्या बाजूनं, तळव्यानं नाही, कारण तळव्याला घाम असतो आणि कळतही कमी. माझ्या बोटाची मागची बाजू धरून तू एकदा मखमलीवरून फिरवली होतीस. मी तेव्हा ग्रामसभेच्या ठरावाबद्दल बोलत होते. माझं लक्ष नव्हतं.

आपलं मोठं भांडण वेगळ्याच गोष्टीवर होतं आणि ते मिटलेलं नाही. मी म्हणायचे, एवढं जुनं कापड बैलाच्या घामात घालणं हा मूर्खपणा आहे, ते काचेत ठेवा. तू म्हणायचीस, काचेत ठेवलं की पाहायला येणारे चार दिवस येतात, मंग काच पुसायलेबी कोणी येत नाही. मी म्हणायचे, कुजेल. तू म्हणायचीस, "अंगावर पडते म्हणून तर दरसाल कोणी उघडून पाहते. पेटीतच राह्यली असती तर कवाच कसरीनं खाल्ली असती." मी म्हणायचे, हा युक्तिवाद नाही. तू म्हणायचीस, मंग काय हाय? आणि सुई पुढे करायचीस.

दोन वर्षं मी पत्रकं काढली. मखमल गावाची आहे, पेटी एका घराची का? पहिला मान एकाच बैलाला का? चिठ्ठ्या टाका. भाऊसाहेब चिडले, मग थकले आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांनी कापड पंचायतीच्या ताब्यात दिलं. देताना ओढाताणीत झालर उसवली, एक कड फाटली. मखमल दुरुस्तीसाठी दीड महिना तुझ्या घरी होती. नंतर हाच दीड महिना तुझ्यावर उलटला.

चिठ्ठी सरपंचबाईंनी काढली. नाव निघालं बाबांचं. आमचा चांद्या. कपाळावर चंद्र असलेला, जरा बुटका, शेतात रेंगाळणारा चांद्या तोरणाखाली सगळ्यांत पुढे उभा राहणार होता. बाबा ते ऐकून घरी आले आणि त्याची शिंगं घासत बसले.

मी तेवढ्यावर थांबले नाही. मी म्हटलं, खालानं मखमल का टाकायची? दरवर्षी म्हातारीला उन्हात उभं करायचं आणि काम झालं की हाकलायचं. यंदा ज्याचा बैल त्याच्या घरचे टाकतील. तुला हे सांगायला मी घरी आले तेव्हा माझ्या अंगात सभा संचारली होती. तू ऐकून घेतलंस आणि एवढंच म्हणालीस, "टाक. पण पाहून टाक." मला तो आशीर्वाद वाटला.

मी टाकली. दोन्ही हातांनी, सगळ्यांच्या देखत. मागे झाले आणि तोंडाकडून बघितलं.

मखमल काळपट दिसत होती. लाल नव्हतीच. मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "हे आपली नाही बे. आपली डाळिंबावानी होती. हे तर वांग्यावानी दिसून राह्यली." कोणी हसलं. कोणी म्हणालं की दीड महिना घरात होती, कोणी म्हणालं तिच्या दाराशी पांढरी गाडी उभी होती. कोणी पूर्ण वाक्य बोललं नाही. अर्धी अर्धी वाक्यं एकमेकांना जाऊन चिकटली आणि चोरी तयार झाली.

बाबा कासरा धरून उभे होते. ते तेव्हा एक वाक्य बोलले. म्हणाले, "काय झालं? अशीच तर असते ते." मी त्यांच्याकडे रागानं बघितलं. वाटलं, हा माणूस आजच्या दिवशीसुद्धा भांडण टाळतो आहे.

तुला बोलावणं गेलं. तू आलीस, चांद्याच्या तोंडाशी उभी राहिलीस, कापडाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. सगळ्यांना ऐकू जाईल असं कोणीतरी विचारलं, खरी कुठं हाय? तू त्याला उत्तर दिलं नाहीस. मला म्हणालीस, "हात फिरव वं पोरी त्याच्यावरून."

मी हात फिरवला नाही. मी तिसऱ्या दिवशीच्या पत्रकात लिहिलं, ‘सरळ प्रश्नाला उत्तर न देता भावनेला हात घालण्यात आला.’ हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. ते पुन्हा इथे उतरवते आहे, म्हणजे कोणाला ते शोधत बसायला नको.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. पांढरी गाडी शबानाच्या दिरानं तुला दवाखान्यात न्यायला आणली होती, हे विचारायला कोणी आलं नाही. बायका शालू परत मागायला लागल्या, अर्धं काम झालेलेही. पंचायतीनं मखमल एका उशीच्या खोळीत घालून कपाटात ठेवली आणि वर चिठ्ठी लावली, ‘बदलल्याचा संशय’. दिवाळीच्या आधी तू देऊळघाटला गेलीस. जाताना आमच्या घरावरून गेलीस. मी आत होते.

यंदाच्या उन्हाळ्यात मी ठरवलं की तक्रार तालुक्याला द्यायची, फोटोंसकट. पंचायतीत गेले. मखमल टेबलावर पसरली आणि मोबाइलनं फोटो काढले. एक खिडकीच्या बाजूनं, एक दाराच्या बाजूनं. पाहते तर दोन फोटोंत दोन कापडं. एक वांगं, एक डाळिंब. मला वाटलं मोबाइल बिघडला. ग्रामसेवक म्हणाले, उजेडाचा फरक असेल. मी खिडकी लावून घेतली, पुन्हा काढले. तेच. मग मोबाइल ठेवला आणि टेबलाभोवती चालायला लागले. तीन पावलं टाकली की लाल काळ्यात उतरायचा. आणखी तीन टाकली की वर यायचा.

तेव्हा बोटाची मागची बाजू लावली, खाला. एकीकडून हात सरकला, मांजराच्या पाठीवरून जावा तसा. उलट फिरवला तर बोटाला अडलं. मखमलीची लव एका दिशेला निजलेली असते. लवेच्या शेंड्यांकडून बघितलं तर गडद दिसते, मुळांकडून बघितलं तर उजळते. तू आयुष्यभर ती बैलाच्या केसांप्रमाणे टाकत आलीस, डोक्याकडून शेपटीकडे. म्हणून समोरच्यांना डाळिंब दिसत होतं. मी टाकली ती उलटी, शेपटीकडून डोक्याकडे. सुरूचे शेंडे आजवर शेपटीकडे झुकायचे, पळत्या घोड्यावरून वारा मागे जावा तसे. त्या दिवशी ते डोक्याकडे झुकले होते. एवढ्या डोळ्यांपैकी कोणाला दिसलं नाही. सगळे रंग बघत होते.

मी तिथेच खुर्चीवर बसले. पहिली आठवण तुझी आली नाही, बाबांची आली. अशीच तर असते ते. अर्थात. बाबांनी जन्मभर ती मागूनच पाहिली होती. शेवटच्या बैलापाशी उभं राहून. मागून ती दरवर्षी वांग्यासारखीच दिसत आली असणार. पण मागे उभ्या असणाऱ्याला विचारतो कोण? मागे उभ्या असणाऱ्यांसाठी मी दोन वर्षं पत्रकं काढली आणि त्यांच्यातला एक जण बोलला तेव्हा मी डोळे वटारले.

घरी जाऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग आता जा ना तिच्याकडे. मले काय सांगतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. साखरखेर्डा, चिखली, बुलढाणा, देऊळघाट. चिखलीच्या स्टँडवर एसटी तासभर लागली नाही. तो तास मी भाषण तयार करत होते. तीन मुद्दे होते.

तू खाटेवर उशीला टेकून बसली होतीस, मांडीवर नातीचा फ्रॉक, आणि श्वास मोजून घेत होतीस. शबानानं मला दारात बघितलं आणि ती आत निघून गेली. बरोबरच केलं. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. मखमल खरी आहे. उलटी होती. उलटी मीच टाकली होती. तीन मुद्दे कुठे गेले माहीत नाही.

तू फ्रॉक बाजूला ठेवलास. चेहऱ्यावर काही विशेष आलं नाही. म्हणालीस, "साल लागलं वं तुले. मले वाटलं दोन दिवसांत येशीन."

मग मी चिडले. आले होते माफी मागायला आणि चिडले. म्हटलं, तुला तिथेच दिसलं होतं, तर बोलली का नाहीस? एका हाताचं काम होतं. उचलून फिरवली असतीस तर संपलं असतं. कायले गप्प राह्यली?

तू पाणी प्यालीस. सावकाश बोललीस, एकेका श्वासाला एक तुकडा. "तुह्या बापाचा बैल पयल्यांदा पुढं उभा होता. देशमुखाकडले सगळे पाहून राह्यले होते, कवा चुकतात म्हणून. मी म्हणलं असतं उलटी हाय, तर काय म्हणले असते ते? पाहा, यायले झूलबी टाकता येत नाही. जलमभर तेच ऐकलं असतं तुह्या बापानं. मी म्हणलं, पोरगी हात फिरवीन, तिले कळंल, ते गुपचूप फिरवून टाकंल. मले काय माहीत तू कागद छापशीन."

पडद्याआड शबानाच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं.

खाला, आता मोकळं बोलते, कारण तुला गोड बोललेलं कधी आवडलं नाही. तुझं हे मला पटलेलं नाही. त्या दिवशी पटलं नाही, आजही पटत नाही. आमच्या बैलाचा मान राखायला तू स्वतःचं नाव मातीत जाऊ दिलंस. लोक आता याला मोठेपणा म्हणतील, मान डोलावतील. मी नाही डोलावणार. तू बोलायला हवं होतंस. आमची फजिती झाली असती, चार दिवस हसले असते, बाबांनी सोसलं असतं. मी पुढच्या पत्रकात लिहिलं असतं की हो, चुकली, पहिल्यांदा टाकली म्हणून चुकली, आजवर हातात दिली होती का? फजितीला उत्तर देता येतं. गप्प बसलेल्या माणसावरच्या आरोपाला उत्तर द्यायला दुसऱ्या कोणाला तरी वर्षभरानं टेबलाभोवती फिरावं लागतं. आणि ते कोणी फिरलंच नसतं तर?

हे सगळं मी तुला तिथेच सुनावलं. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मी थांबले तेव्हा एक डोळा उघडून म्हणालीस, "झालं? मंग सुया ओव."

माफीचा शब्द तोंडातच राहिला. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा तू पुढची सुई माझ्या हातात दिलीस. सहा सुया ओवल्या, तुझ्या छोट्या उशीत टोचल्या. मग शबाना चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवला, पण ठेवला. निघताना तू विचारलंस, यंदा चिठ्ठी कोणाची निघाली? मी म्हटलं, अजून काढायची आहे. तू म्हणालीस, "कोणाचीबी निघो. डोक्याकडून शेपटीकडं. ध्यानात ठेव." तुझं माझ्याशी हेच शेवटचं बोलणं. माफ केलं की नाही हे तू सांगितलं नाहीस. मी जीपच्या मागे लटकून चिखलीपर्यंत आले आणि पूर्ण रस्ता मला हसू येत होतं. साल लागलं वं तुले. हो खाला, लागलं.

नऊ दिवसांनी शबानाचा फोन आला. तुझं आवरताना तिला ती सुयांची उशी मिळाली. दोन सुया वापरलेल्या होत्या. नातीच्या फ्रॉकची कड पूर्ण झाली होती. चार सुया अजून ओवलेल्या आहेत. त्या तिनं मला दिल्या आहेत. एवढंच काय ते उत्तर, असं मी समजते. चूक समजत असेन तर समजू दे.

मी हा लेख पांढऱ्या कागदावर छापते आहे, पिवळ्याइतक्याच प्रती. पिवळा ज्या ज्या घरात गेला तिथे पांढराही जाईल. छापायच्या आधी हातानं लिहिलेला मजकूर घेऊन मी स्वतः काही घरांत जाऊन आले. चार घरांनी चाळला आणि दार लावलं. एका बाईंनी वाचून झाल्यावर म्हटलं, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं. मी त्यांना विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? त्यांनीही दार लावलं. भाऊसाहेबांकडे सर्वांत शेवटी गेले, कारण भीती वाटत होती. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. म्हणाले, "आपण तर नेहमी समोरच उभे राह्यलो. मागून कशी दिसते, कधी पाह्यलंच नाही." मग काठी घेऊन माझ्याबरोबर पंचायतीत आले आणि टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. निघताना चिठ्ठीकडे बोट दाखवून ग्रामसेवकांना म्हणाले, हे काढा. ग्रामसेवक म्हणाले, ठराव करून लावली आहे, काढायला बैठक लागेल. बैठक पोळ्यानंतर आहे.

म्हणजे चोर ठरवायला गर्दी पुरली आणि चोर नव्हती म्हणायला कोरम लागतो. त्या चिठ्ठीचं मी बघून घेईन, खाला. ते माझं काम आहे आणि ते मला चांगलं जमतं.

आपलं काचेचं भांडण मी यंदापुरतं सोडते. मखमल पोळ्याला बैलावर चढेल. तुझं बरोबर होतं म्हणून सोडत नाही; घाम वाईटच, आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा भांडेन, मग समोर तू नसलीस तरी. पण काचेत ठेवली असती तर तिच्याभोवती कोणी चाललं नसतं, हे खरं आहे. भिंतीला लावलेल्या वस्तूला मागची बाजू नसते. यंदा अंगावर टाकायला शबाना येणार आहे. तिला सहज विचारलं नाही मी. तीनदा गेले. दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, येईन, पण मले कोणी ‘सर बाजूला’ म्हणायचं नाही.

आणि आता तुम्ही. हो, हा कागद हातात धरलेले तुम्ही. खालाशी माझं बोलून झालं.

पोळ्याला तोरणाखाली या. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, आधी नको आणि नंतरही नको. पिवळा कागद घरात असेल तर घेऊन या आणि माझ्या हातात द्या. त्याचं उत्तर मी देईन. मखमलीला हात लावू नका, झिजेल. एका जागी उभं राहून बघूही नका. बैलाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत चालत जा, जिथे आजवर फक्त आमच्या वस्तीची माणसं उभी राहिली तिथपर्यंत. लाल काळा होताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. परत पुढे या. शबाना बैलाच्या तोंडाशी उभी असेल. तिच्या आईचं नाव घ्या, हमीदा, आणि म्हणा की आम्ही चुकलो. पुटपुटू नका. शेवटच्या बैलापाशी कासरा धरून उभ्या असलेल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.